टाइमशेअर मेंबरशिप विकायची आहे, कोणी विकली आहे का? आणि ह्या संघटना नेमक्या कोणाच्या?

जळगावकर_७१

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची पाळी आली. २०१४ मध्ये आम्ही एका हॉलिडे कंपनीची २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप घेतली, म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क, नाव घेत नाही, उगाच कटकट नको. पेट्रोल पंपावर मिसेसनी कूपन भरलं होतं, तीन दिवसांनी फोन आला की तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघं पाहिजेतच. रिंग रोडच्या हॉटेलात गेलो तर आत पंधरा-वीस टेबलं, गाणी लावलेली, दर दहा मिनिटांनी कोणीतरी घोषणा करायचं की अमुक परिवाराने मेंबरशिप घेतली आणि सगळे टाळ्या वाजवायचे. आमच्या टेबलावरचा पोरगा पंचविशीचा असेल. तो आमच्या समोर बसून कागदावर आकडे उलटे लिहीत होता, म्हणजे त्याच्याकडून उलटे, आम्हाला सरळ वाचता यावे म्हणून. हॉटेलचं भाडं गुणिले सात रात्री गुणिले पंचवीस वर्षं, वर महागाई. एकही आकडा चुकला नाही. मी बँकेत २९ वर्षं काढली भाऊ, पण असं लिहिणारा माणूस पाहिला नव्हता, त्यातच मी गार झालो.

३,४०,००० भरले. वार्षिक फी तेव्हा ११,००० होती ती आता जीएसटी धरून २१,५०० झाली. अकरा वर्षांत पाच वेळा गेलो, एकूण ३१ रात्री. परवा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, मूळ रक्कम अधिक आजवरची फी साधारण ५,१०,००० होते, म्हणजे रात्रीला साडेसोळा हजार. एवढ्यात आम्ही पंचतारांकितमध्ये राहून वरून परत येताना चाळीसगावला जेवलो असतो.

आता पोरगी बंगळुरूला, मुलगा पुण्यात, आम्ही दोघंच. गुडघे दुखतात. विकायची आहे. ओएलएक्सवर जाहिरात टाकली तर दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून फोन, तुमच्या मेंबरशिपला सव्वाचार लाखाचा ग्राहक तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशन १२,५०० अधिक जीएसटी मिळून १४,७५० भरा, ते पण रिफंडेबल. भरू का? आणि दुसरं, मेव्हणा म्हणतो की ह्या धंद्याची संघटना आहे, ती मेंबर लोकांचं हित बघते, तिच्याकडे जा. कोणाला अनुभव?

केळीबाग_रावेर

भरू नका. भरू नका. भरू नका.

दोंडाईचा एक्स्प्रेस

काका ३.४० ची वस्तू अकरा वर्षं वापरून सव्वाचारला कोण घेईल? माझी पल्सर तरी घ्या मग त्यांनी.

मना बाप बी असाच फसना व्हता, पन तो प्लॉटमा.

तापीकाठ (भुसावळ)

मले तं त्या गिफ्टचं सांगा, काय मिळालं होतं?

जळगावकर_७१

इलेक्ट्रिक केटल. अजून चालू आहे. घरातली एवढीच वस्तू ३,४०,००० ची आहे असं मिसेस पाहुण्यांना सांगते.

सुनंदाताई धुळे

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका. आमच्याकडे पण मेंबरशिप आहे, २०११ पासून, आणि आम्ही एकही वर्ष वाया घालवलेलं नाही. दोघं शिक्षक, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हेच आमचे दिवस, म्हणजे सगळ्यांचेच, म्हणून बुकिंगची खिडकी ज्या दिवशी उघडते त्या दिवशी पहाटे उठून बसायचं, चहा नंतर. सासूबाई, नणंद, तिची दोन मुलं, सगळे एका अपार्टमेंटमध्ये, आणि तिथे छोटं किचन असतं ते आम्हाला फार उपयोगी पडतं कारण सासूबाईंना बाहेरचं चालत नाही. कळण्याचं पीठ, पापड, ठेचा सगळं बॅगेत. मुन्नारला धुक्यात बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लंय, शेजारच्या खोलीतले गुजराती लोक वास घेत आले होते.

म्हणून वस्तूच वाईट आहे असं सरसकट म्हणू नये. ज्याच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत, घरात माणसं जास्त आहेत आणि जो दरवर्षी न चुकता जाणार आहे त्याला परवडतं. तुम्ही दोघं, दोन वर्षांतून एकदा, तुम्हाला ते कधीच परवडणार नव्हतं आणि हे त्या टेबलावर कोणी सांगणार नव्हतं.

जळगावकर_७१

ताई राग कसला, खरं आहे.

केळीबाग_रावेर

आता कामावरून आलो, सविस्तर लिहितो. आमच्याकडे केळीचा बोर्ड भाव नावाचा प्रकार आहे. बाजार समिती भाव काढते, तो फळ्यावर लागतो, मोबाइलवर येतो. आणि व्यापारी बागेत येऊन घड दाबून बघतो आणि म्हणतो, भाऊ माल हलका आहे, वाहतूक महाग झाली, बोर्डापेक्षा एवढे कमी. भाव फळ्यावर एक आणि हातात एक. तुमच्या मेंबरशिपचं तेच. कंपनीच्या वेबसाइटवर आज नवीन मेंबरशिप पाचेक लाखाला असेल, तो झाला बोर्ड भाव. तुमच्या हातातला माल आहे कांदेबागाचा, म्हणजे उशिरा लावलेल्या केळीचा, शेवटचा घड, चौदा वर्षं शिल्लक, वर ग्राहकाला दरवर्षी २१,५०० भरायचेत. तो त्या वार्षिक फीकडे बघून भाव सांगणार, तुम्ही काय भरलं होतं त्याच्याकडे नाही.

चाळीस-पन्नास हजाराच्या वर मिळाले तर मला फैजपूरला पेढे पाठवा.

शांतपणे_वाचतो

हे आयडी फक्त ह्या धाग्यासाठी काढलंय. कृपया कोणी मी कोण ते शोधू नका, जिल्हा लहान आहे.

मी भरले. पहिले १४,७५०, अगदी हाच आकडा, म्हणून वाचून छातीत धस्स झालं. मग एक बाई बोलायला लागल्या, फार अदबीनं, सर सर करून, की ग्राहक कॉर्पोरेट आहे, एनओसीसाठी ३२,०००. लेटरहेडवर पत्र आलं, शिक्का, सही, कंपनीचा लोगो. मग म्हणे रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स, ४२,२५०. एकूण ८९,०००. तिसऱ्या वेळी मला कळत होतं, खोटं सांगत नाही, कळत होतं, पण आधीचे ४६,७५० परत मिळतील म्हणून भरले. त्यांना माझा मेंबर नंबर, सीझन म्हणजे वर्षातल्या कोणत्या काळाची मेंबरशिप, कुठल्या साली घेतली सगळं माहीत होतं म्हणून विश्वास बसला. नंतर लक्षात आलं की जाहिरातीत मीच कार्डाचा फोटो टाकला होता.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला पण सहा दिवसांनी. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेले होते. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं पोस्टातली एफडी मोडून गाडीचं काम केलं.

जळगावकर_७१

भाऊ, तुम्ही हे लिहिलं म्हणून माझे वाचले. मी पण कार्डाचा फोटो टाकलाय जाहिरातीत. आत्ता काढतो.

तापीकाठ (भुसावळ)

शांतपणे भाऊ, घरी सांगून टाका. मी रेल्वेत होतो, आमच्याकडे भिशीत बुडलेला एक गार्ड होता, दोन वर्षं सांगितलं नाही बिचाऱ्यानं, पैशापेक्षा त्याच्यातच जास्त खंगला.

कोर्टकचेरी (अमळनेर)

वकील आहे, ग्राहक आयोगात कामं असतात, म्हणून थोडं लिहितो, हे सल्ला समजू नका पण दिशा म्हणून घ्या.

रिझर्व्ह बँकेचा ह्या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. आपल्या देशातली मेंबरशिप म्हणजे बहुतेक वेळा नुसता वापरायचा हक्क, करारावरचा. सातबाऱ्यावर नाव नाही, खरेदीखत नाही, सिटी सर्व्हेला नोंद नाही. त्यामुळे "तुमच्या प्रॉपर्टीची स्टँप ड्यूटी भरा" म्हणणारा फोन पण खोटाच. विकायची म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करायचा, आणि ते कंपनीच्या रेकॉर्डला लागलं तरच झालं. म्हणून सुरुवात कंपनीपासून करा. लेखी विचारा की थकबाकी किती, ट्रान्सफर फी किती, किती वर्षं शिल्लक, मागच्या न वापरलेल्या रात्री नवीन माणसाला मिळणार का, एक्स्चेंजची, म्हणजे आपल्या रात्री देऊन दुसरीकडच्या रिसॉर्टमध्ये राहायची, सोय त्याला राहणार का. फोनवर नको, ईमेल करा आणि वर स्पीड पोस्टनं पत्र. दलाल कोणीही असो, त्याला काम झाल्यावर मिळालेल्या पैशातून द्या. आधी पैसे मागितले की विषय संपला.

फसवणूक झाली तर १९३० तासाभरात, उद्या नाही. कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बऱ्याच कंपन्या तिथेच हलतात. नाही हलली तर जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यानं, जो २० जुलै २०२० ला लागू झाला, तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, करारात मुंबई-चेन्नई कोर्ट लिहिलेलं असलं तरी. लवादाचं कलम पण ग्राहक आयोगाला आडवं येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय. दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी शून्य, ५० लाखापर्यंत जिल्हा आयोगच. मुदत मात्र दोन वर्षं, कारण घडल्यापासून. जळगावकर साहेब, २०१४ ला टेबलावर काय तोंडी सांगितलं होतं त्यावर आज केस उभी राहणं अवघड आहे. पण गेल्या वर्षी बुकिंग नाकारलं, फी मनमानी वाढवली, असं काही असेल तर बोलू.

दोंडाईचा एक्स्प्रेस

वकील साहेब, फी भरणंच बंद केलं तर? माझ्या मामाचं तेच चाललंय, म्हणतो काय उखाडायचं ते उखाडा.

कोर्टकचेरी (अमळनेर)

मामांना विचारा मूळ रक्कम पूर्ण भरली आहे का आणि हप्ते कोणाचे आहेत. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर तो वेगळा करार आहे, ते थांबवलं की सिबिलवर येणार. वार्षिक फीचं तसं नसतं, साधारणपणे सुट्ट्या बंद होतात, व्याज चढतं, आणि पुढे करारात असेल तर मेंबरशिप रद्द. करार वाचल्याशिवाय काहीच थांबवू नका. आणि थकबाकी चढली की विकायची शक्यता पण गेली.

करार एकतर्फी असेल, दंड नुकसानीच्या मानानं फारच जास्त असेल, तर नवीन कायद्यात "अनुचित करार" अशी वेगळी व्याख्या आहे, पण ते प्रकरण जिल्ह्यात नाही, राज्य आयोगात जातं.

एडिसनचा खानदेशी

मंडळी, मी मूळ पारोळ्याचा, आता न्यू जर्सीत. इकडे पण हाच रोग आहे, फक्त मोठा. संघटनेचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो कारण तो मला इथे येऊन नीट कळला.

इकडे दोन प्रकार. एक तुमच्यासारखा वापराचा हक्क, दुसरा डीड, म्हणजे चक्क खरेदीखत, काउंटीत नोंद. ऐकायला बरं वाटतं पण त्यात मेंटेनन्सला शेवट नाही, तुम्ही म्हातारे झालात तरी बिल येतच राहतं आणि मेल्यावर वारसांनी रीतसर नकार दिला नाही तर त्यांच्या दारात. ईबेवर लोक एक डॉलरला देतात, वर ट्रान्सफरचा खर्च पण स्वतः भरतात. एक डॉलर भाऊ! आणि काही कंपन्या रिसेलनं घेणाऱ्याला मूळ ग्राहकाच्या सवलती देत नाहीत, म्हणजे जुना माल नवीन मालाशी टक्कर द्यायला नको.

आता संघटना. इकडची मोठी संघटना म्हणजे अमेरिकन रिसॉर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन, वॉशिंग्टनला ऑफिस. नाव नीट वाचा, डेव्हलपमेंट. ती बांधणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची. तिच्याच छत्राखाली मालकांच्या नावानं रिसॉर्ट ओनर्स कोअलिशन आहे, तिचा पैसा मालकांकडून येतो, मेंटेनन्सच्या बिलात स्वेच्छा देणगी म्हणून एक ओळ असते, नको असेल तर वजा करून भरा. स्वेच्छा खरी, पण ओळ बिलात आधीच छापलेली असली की दहातले किती जण वजा करत असतील तुम्हीच सांगा.

काम करतात का? करतात. टाइमशेअरवर कुठे नवा कर लागणार असेल तर विरोध करतात, त्यात मालकाचा पण फायदा आहेच. फ्लोरिडात २०१२ ला कायदा आला की तुमचा टाइमशेअर विकून देतो, जाहिरात करतो म्हणणाऱ्यानं लेखी करार केलाच पाहिजे, तो इंडस्ट्रीला पण हवा होता. कारण चोरट्यांमुळे सगळ्यांचंच नाव खराब होतं. शांतपणे भाऊंसारखे लोक इकडे खूप आहेत, आणि ऐकून नवल वाटेल, त्यातले बरेच फोन मेक्सिकोतून येतात, २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं एका ड्रग कार्टेलशी जोडलेल्या माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले, गुन्हा काय तर टाइमशेअर मालकांना फसवणे. अफू-गांजा विकणाऱ्यांना पण हा धंदा परवडला, बघा.

तापीकाठ (भुसावळ)

आयला!

एडिसनचा खानदेशी

पुढचं राहिलं, ट्रेनमध्ये होतो. तर जिथे मालकाचं आणि कंपनीचं हित एकाच दिशेला आहे तिथे संघटना तुमच्या बाजूनं उभी राहते, खोटं नाही. प्रश्न येतो जिथे दोघांची तोंडं दोन दिशेला. मेंटेनन्स किती वाढावा? कंपनीनं जुना टाइमशेअर परत घ्यावा का? रिसेलवाल्याला पूर्ण हक्क द्यावेत का? ह्यावर संघटनेला विचारलं की सन्माननीय मालकांसाठी छान माहितीपत्रक मिळतं.

याच्या उलट मालकांनी स्वतः चालवलेला टाइमशेअर यूजर्स ग्रुप आहे, १९९३ पासून. तिथे कोणता रिसॉर्ट खरंच कितीला विकला जातो ते लोक आपापसात सांगतात. मला जे काही शहाणपण आलं ते तिथून आलं, माझा पण एक होता, नाव नाही सांगत, दोन वर्षांपूर्वी फुकट दिला आणि वर वकिलाचे पैसे भरले, त्या रात्री झोप चांगली लागली.

केळीबाग_रावेर

म्हणजे कापसासारखंच. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आठवतं? गिरण्यांच्या संघटनांनी स्वागत केलं, उद्योगाच्या हिताचं म्हणे. उद्योगाच्या होतंच. इकडे आपल्या शेतकऱ्याचा कापूस घरात यायच्या आधीच भाव पडायची धास्ती. "कापूस उद्योग" म्हटलं की त्यात कापूस पिकवणारा पण धरतात, पण टेबलावर खुर्ची त्याला नसते. नाव उद्योगाचं आणि बोंड आमचं.

सुनंदाताई धुळे

पण संघटना नसती तर बरं झालं असतं का? मी जरा वाचलं. आपल्याकडे ऑल इंडिया रिसॉर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन आहे, मेंबर कंपन्यांनी कसं वागायचं त्याची आचारसंहिता ठेवते. टाइमशेअरसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, युरोपात आहे, १९९४ पासून निर्देश, मग २००८ चा नवीन, १४ दिवसांत करार मोडता येतो आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी. इथे काहीच नाही तर निदान संघटनेची संहिता तरी. दोन खोल्यांचं ऑफिस टाकून मेंबरशिपा विकणारे आणि सहा महिन्यांत गायब होणारे क्लब धुळ्यात पण येऊन गेले, ते असल्या कुठल्याच संघटनेत नसतात. म्हणून कंपनी संघटनेत आहे का हे बघायला काय हरकत आहे?

कोर्टकचेरी (अमळनेर)

ताई तुमचा मुद्दा बरोबर आहे, घेताना बघायला उपयोगी. विकताना किंवा भांडताना नाही. एक साधी कसोटी सांगतो, कुठल्याही संघटनेला लावा: वर्गणी कोण भरतो, कार्यकारिणीवर मत कोणाला, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय. इथे सभासद कंपन्या, मत कंपन्यांना, आणि जास्तीत जास्त काय तर कंपनीला सभासदत्वावरून काढतील. ग्राहक त्यात कुठेच बसत नाही, तो पत्ता असतो फक्त. मी त्यांना वाईट म्हणत नाही, व्यापारी असोसिएशननं व्यापाऱ्यांचं बघायचं नाही तर कोणाचं? गोलाणी मार्केटच्या दुकानदारांची संघटना गिऱ्हाइकाला भाव कमी करून देत नाही, आपण त्यांना दोष पण देत नाही. घोळ होतो तो "ओनर" शब्दामुळे. ब्रोशरमध्ये तुम्हाला मालक म्हणायचं आणि करारात परवानाधारक.

दोंडाईचा एक्स्प्रेस

हाई तं बठ्ठं भारी शे. मालक म्हनतंस आन चावी देतस नही.

जळगावकर_७१

वकील साहेब, करार काढला माळ्यावरून. प्लॅस्टिकच्या हिरव्या फाइलमध्ये, ३४ पानं, बारीक अक्षर, मी भिंग घेऊन वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लिहिताना लाज वाटते कारण मी लोकांना कर्जाचे कागद वाचून सही करा असं सांगण्यात नोकरी घालवली. पान ९ वर आहे, १० दिवसांत रद्द करता येईल. आम्हाला वेलकम किट पोस्टानं आलं होतं बाराव्या दिवशी! पान २१ वर ट्रान्सफर फी "कंपनी वेळोवेळी ठरवेल ती". वेळोवेळी हा शब्द मी मोजला, १७ वेळा आहे.

पुढचं सांगतो. मेल टाकला, चार दिवस काही नाही. १९१५ ला तक्रार नोंदवली तर तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन, फार गोड. ट्रान्सफर होईल, फी एवढी एवढी, थकबाकी नाही, पण न वापरलेल्या रात्रींपैकी मागच्या दोनच वर्षांच्या पुढे जातील. मी म्हटलं तुम्हीच परत घ्या ना काहीतरी देऊन. तर म्हणे सर त्यापेक्षा अपग्रेड करा, फक्त १,१०,००० मध्ये वरचा सीझन मिळेल. मी विकायला गेलो आणि हे मलाच विकायला निघाले.

केळीबाग_रावेर

😂 व्यापारी तो व्यापारीच.

सुनंदाताई धुळे

भाऊ जाहिरात नीट लिहा. आमच्या शाळेतल्या ग्रुपवर टाकते मी. शिक्षक लोकांना चालतं, सुट्ट्या ठरलेल्या असतात. सीझन कोणता, किती माणसांचं युनिट, किती वर्षं राहिली, वार्षिक फी किती आणि ती दरवर्षी वाढते हे स्पष्ट लिहा, लपवू नका. कार्डाचा फोटो टाकू नका. 🙏

शांतपणे_वाचतो

सांगितलं घरी. काल. ती म्हणाली मला माहीत होतं, पासबुक मीच भरते ना. पुढे काही बोलली नाही, भाजी चिरत राहिली. तापीकाठ काका, धन्यवाद.

तापीकाठ (भुसावळ)

शाबास.

मी काय म्हणतो, आपलीच एक संघटना काढा ना मग. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून दोन-तीनशे लोक तरी असतील असे अडकलेले.

कोर्टकचेरी (अमळनेर)

कायद्यात सोय आहे काका. एकाच प्रकारची तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार करू शकतात, आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटना पण करू शकते. ग्राहक पंचायत आपल्याकडे १९७४ पासून आहे, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केली, तिथे जाऊन बसा एकदा. पण नवीन संघटना काढायच्या आधी एक सांगतो, मी अशा तीन समित्या पाहिल्या. पहिल्या मीटिंगला चाळीस माणसं आणि समोसे, दुसरीला अकरा, तिसरीला मी आणि अध्यक्ष. ज्याचं काम झालं तो पुन्हा येत नाही. टिकवायची असेल तर वर्षाला शंभर-दोनशे का होईना वर्गणी ठेवा आणि हिशोब भिंतीवर लावा.

एडिसनचा खानदेशी

आणि खरे विक्रीभाव एका वहीत लिहा, कोणी कितीला विकलं. एवढं जरी केलं तरी निम्मे फसणारे वाचतील. मला इकडे त्याचाच उपयोग झाला.

केळीबाग_रावेर

म्हणजे आपला खरा बोर्ड भाव. हे पटलं.

जळगावकर_७१

दीड महिन्यानं येतोय. विकली.

ताईंच्या ग्रुपवरून शिरपूरचं जोडपं आलं, दोघं शाळेत, एक मुलगी, आईवडील बरोबर राहतात. रविवारी घरी आले. मी सगळं मांडलं टेबलावर, करार, फीच्या पावत्या, अकरा वर्षांचा तक्ता, कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला बुकिंग मागितलं आणि मिळालं नाही ते पण. सांगितलं की ख्रिसमसचा आठवडा विसरा, गोवा मे महिन्यात विसरा, तोरणमाळला जाण्याइतकं सोपं नाही हे. मिसेस मधूनच मला डोळ्यांनी खुणा करत होती की जरा कमी बोला. तो माणूस कागद घेऊन हिशोब करायला लागला, साधा सरळ, मी उलटा वाचत होतो. म्हणाला, वर्षाला पाच माणसं सात रात्री गेलो तर आम्हाला माणशी एवढं पडतं, बरं आहे.

४५,००० ठरले, ट्रान्सफर फी अर्धी-अर्धी. कंपनीचं पत्र त्यांच्या नावाचं आलं त्या दिवशी बाकीचे पैसे खात्यात. माझ्या हातात फी वजा जाता साधारण ३७,०००. केळीबाग भाऊ, तुमचा अंदाज बरोबर निघाला, ५०,००० च्या वर गेलं नाही म्हणून पेढ्यांची अट लागू नाही. तरी पाठवतो.

वहीत लिहा: २०१४ ची, २५ वर्षांची, चौदा वर्षं शिल्लक, ४५,०००.

केळीबाग_रावेर

लिहिलं. पहिली नोंद. केटल पण दिली का त्यांना?

जळगावकर_७१

मिसेसनी नाही दिली.

नवीन_सभासद_४४१

नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही, खूप लांब आहे. माझी पण २०३१ पर्यंतची मेंबरशिप विकायची आहे, नंदुरबार. कोणी घेणार का? ३ लाख अपेक्षित. सोबत कार्डाचा फोटो जोडला आहे.

रिसेल_हेल्पडेस्क_इंडिया

नमस्कार सर, आपल्या मेंबरशिपसाठी खरेदीदार तयार आहे. कृपया मोबाइल नंबर इनबॉक्स करा.

केळीबाग_रावेर

अ‍ॅडमिन!! आला बघा. आणि नंदुरबारवाले भाऊ, आधी तो फोटो काढा.